आधी कागद, मग ब्रेक, शेवटी इंजिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ले-आउटमध्ये मोकळ्या प्लॉटवर किंवा फाटकालगत एखादी जुनी गाडी उभी दिसली, की येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून एकच निकाल देतात : 'पंधरा वर्षं झाली असतील, आता ती कायद्यानेच भंगार.' हा निकाल आठ वर्षे माझ्या दाराशी उभ्या असलेल्या मालवाहू पिकअपबद्दलही अनेकदा दिला गेला, आणि खरे सांगायचे तर तो चुकीचा आहे हे मलाही ठाऊक नव्हते. 2025 साली ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना जे कळले, ते अशी गाडी दाराशी असलेल्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या संत्र्याच्या पट्ट्याशी नाते असलेल्या नागपूरकरांत अशी कुटुंबे थोडी नाहीत.

गाडी टाटा 207 डीआय, एमएच-31 क्रमांकाची, नोंदणी 2006 सालची. वडील तिच्यातून काटोलजवळच्या आमच्या बागेतली संत्री कळमना बाजारात आणत असत. 2017 च्या पावसाळ्यात ते गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गाडीच्या फिटनेसची, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याच्या प्रमाणपत्राची, मुदत संपली होती आणि आजारपणाच्या धावपळीत तिच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. त्यानंतर ती कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. मी हिशेबाच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. दुसऱ्यांच्या थकबाक्या काढण्यात नोकरी गेली, पण घरातल्या या थकबाकीचा कागद मी आठ वर्षे उघडून पाहिला नाही, हे इथे नमूद केलेले बरे.

पंधरा वर्षांबद्दलचा गैरसमज बहुधा दिल्लीहून आला आहे. दिल्ली व तिच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती उचलून धरली. त्या बातम्या आपण इथे वाचल्या आणि त्या आपल्यालाही लागू आहेत असे धरून चाललो. त्यात 13 ऑगस्ट 2021 रोजी वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले, तेही आपल्याच शहराच्या खासदारांकडे असलेल्या खात्याचे, आणि 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. त्यामुळे गैरसमज अधिकच पक्का झाला. मात्र खासगी मालकाच्या गाडीबाबत नागपुरात वयाची अशी सरसकट रेषा नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 41 प्रमाणे पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीसाठी कलम 56 आहे. फिटनेस प्रमाणपत्र नसेल तर अशा गाडीची नोंदणी वैध मानली जात नाही. हे प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांसाठी मिळते, त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी घ्यावे लागते. थोडक्यात, कायदा गाडीची जन्मतारीख विचारतो, पण निकाल तिच्या प्रकृतीवर देतो. वयाबरोबर शुल्क मात्र चढत जाते. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील मालवाहू गाडीच्या फिटनेसचे शुल्क पूर्वीच्या कित्येक पट झाले आहे, आणि आपल्या राज्यात आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. गाडी काढायची की नाही, हे ठरवताना हे दोन्ही आकडे समोर हवेत.

काम हाती घेतले तेव्हा माझा धाकटा भाऊ नवी बॅटरी घेऊनच आला होता. चावी फिरवायची, इंजिन लागले तर पुढचा खर्च, नाही तर भंगारवाला, असा त्याचा सरळ हिशेब होता. बहुतेक घरांत हेच होते. वाडीतल्या ज्या मिस्त्रींना आम्ही बोलावले होते, त्यांनी बॅटरी बाजूला ठेवायला लावली आणि म्हणाले, "भाऊ, चालू कराची घाई कायले? थांबाची सोय त पाहू द्या आधी. आणि त्याच्याही आधी हिचे कागद दाखवा." या एका वाक्याने आमचे किती पैसे वाचवले, ते पुढे कळत गेले.

कागदांच्या तीन गाठी निघाल्या. पहिली वारसाची. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना 31 मध्ये गाडी वारसाच्या नावे करण्याचा अर्ज द्यायचा असतो. आम्ही आठ वर्षे उशिरा पोहोचलो. दोघा बहिणींची संमती, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जमवण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात अर्धी गाडी खोलून झाली असती. दुसरी गाठ कर्जाची. वडिलांनी गाडीचे कर्ज वेळेत फेडले होते, परंतु आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता, कारण नमुना 35 वर बँकेची सही घेऊन तो उतरवून घ्यायचा असतो, हे त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. मधल्या काळात ती शाखा दुसरीकडे हलली होती आणि जुने खाते शोधायला तिथल्या मंडळींनी आम्हाला पाच खेपा घालायला लावल्या. गाडीचे कर्ज फिटले त्या दिवशीच हा कागद घ्यावा, एवढे मी वाचकांना कळकळीने सांगेन.

तिसरी गाठ सर्वांत महाग पडणारी आहे. गाडी वापरात नसेल तर मालकाला तसे आगाऊ लेखी कळवता येते आणि त्या काळातला कर टळतो. बोलण्यात याला 'नॉन-यूज' म्हणतात. आम्ही ते केले नव्हते. गाडी हलत नव्हती, टायर मातीत रुतले होते, सबंध ले-आउट साक्षीला होता, पण कागदावर ती आठ वर्षे धावतच होती. याशिवाय फिटनेसची मुदत उलटल्यावर दर दिवसाला 50 रुपये जादा आकारण्याची तरतूद केंद्रीय नियमांत 29 डिसेंबर 2016 च्या अधिसूचनेने आली आहे. आठ वर्षांचे सुमारे 2,920 दिवस धरले तर ही रक्कम 1,46,000 रुपये होते, जी अशा गाडीच्या बाजारभावाच्या आसपास किंवा वरही जाऊ शकते. याच आकाराविरुद्ध रिक्षा-टॅक्सी संघटनांनी 2024 मध्ये आवाज उठवला आणि राज्य सरकारने वसुलीला स्थगिती दिली, हे वाचकांना आठवत असेल. म्हणून पाना हातात घेण्याआधी कर, पर्यावरण कर, विलंब आकार, थकीत ई-चलने या सर्वांची रक्कम प्रत्यक्ष विचारून कागदावर उतरवून घ्यावी. एका एजंटाने आम्हाला तोंडी जो आकडा सांगितला होता, तो खऱ्या आकड्यापेक्षा बराच मोठा निघाला. तो कसा मोठा झाला, याचा तपशील मी हिशेबनीस असूनही मला लावता आला नाही.

आता कागद आणि लोखंड यांच्या सीमेवरची एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. नोंदणीच्या कामात चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, क्रमांकाचा ठसा लागतो. क्रमांक चेसिसच्या लांब पट्टीवर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की अक्षरे उमटतात. आमच्या गाडीच्या त्या जागी गंजाची जाड पापडी चढली होती. भावाने शेजारून ग्राइंडर आणला तेव्हा मिस्त्रींनी तो अक्षरशः हातातून काढून घेतला, कारण ग्राइंडर गंजाबरोबर अक्षरेही खातो आणि खाडाखोड झालेल्या क्रमांकाची गाडी चोरीची नाही हे सिद्ध करणे मालकावर येते. मग रात्रभर रॉकेलचा बोळा तिथे बांधून ठेवला, सकाळी तारेच्या ब्रशने पापडी सोडवली, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला आणि चौथ्या ठशाला क्रमांकाची पहिली अक्षरे दिसली. शेवटून तिसरा आकडा तीन की आठ, यावर आम्ही तिघे उन्हात उकिडवे बसून तासभर वाद घालत होतो. खडू भरून बाजूने बॅटरीचा झोत टाकल्यावर तो आठ निघाला आणि आरसी बुकाशी जुळला. जुळला नसता तर पुढचा एक रुपयाही खर्च करण्यात अर्थ नव्हता. क्रमांक सापडला की लगेच त्यावर ग्रीस फासून ठेवावे.

त्याच वेळी चेसिसच्या दोन्ही पट्ट्या, विशेषतः मागचे कमानपाटे जिथे टांगलेले असतात ती जागा, लहान हातोडीने वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ठीक; बद्द आवाज आला किंवा पेचकस आत घुसला, तर ती गाडी सरळ नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्राकडे द्यावी, त्यांच्याकडून गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून टाकावी. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पिकअपचे असेच झाले आणि तो निर्णय योग्यच होता. जुने ते सगळे वाचवावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पातळ पत्र्याचा दरवाजा डेंटर दोन दिवसांत करून देतो. कुजलेल्या चेसिसला ठिगळ लावून त्यावर टनभर माल लादणे मात्र रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळणे आहे.

त्यानंतर ब्रेक. इंजिनाआधी ब्रेक का, याचे कारण अगदी व्यवहारी आहे. फिटनेस नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणजे गॅरेजपर्यंत तिला क्रेनने किंवा टोचन लावून न्यावे लागते, आणि टोचन लावलेल्या गाडीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती पुढच्या गाडीवरच जाऊन आदळते. शिवाय डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, लागणारी निर्वात ओढ इंजिनावर चालणारा छोटा पंप देतो. इंजिन बंद असताना पहिल्या दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखे होते. आमच्या गाडीचे मागचे ड्रम लायनरला गंजाने चिकटले होते. मिस्त्रींनी ड्रमच्या कडेला लाकडाचा ठोकळा धरून, एकाच जागी जोर न लावता, गोल फिरत हलके ठोके दिले; दोन्ही बाजूंना मिळून अर्धा दिवस गेला, पण ड्रम फुटला नाही. आतल्या व्हील सिलिंडरचे रबर बोटांत धरताच शिळ्या भाकरीसारखे तुटले, आणि मास्टर सिलिंडरमधून जे निघाले ते ब्रेक ऑइल म्हणवत नव्हते : तळाशी गाळ बसलेले, काळपट तपकिरी पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. ओलाव्याने आतून सिलिंडर गंजतात आणि उताराला ब्रेक तापले की तेच पाणी उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून इथे नुसती रबरांची 'किट' बदलून भागवू नये. सिलिंडरला आतून खड्डे पडलेले असतील तर तो नवाच टाकावा. हँडब्रेकची केबलही नवीच घ्यावी लागली. मागचे ड्रम, सिलिंडर, पाइप, टायर आणि वर सांगितलेले कागद यांवर आमचा जो खर्च झाला, तो इंजिनावरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता.

टायरबद्दल फार लिहीत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर 2313 होते, म्हणजे 2013 चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसत होती, पण नागपूरच्या उन्हाळ्यांनी रबराला बोटभर लांब चिरा पाडल्या होत्या. पाचही बदलले. वायरिंग घुशींनी कुरतडले होते आणि एअर फिल्टरच्या डब्यात खारीने सरकीसकट कापसाचे घरटे केले होते. तो डबा न उघडता चावी फिरवली असती तर ती सगळी सरकी इंजिनाने आत ओढली असती.

इंजिन शेवटी आले आणि ज्याची धास्ती होती तेच सर्वांत शहाणे निघाले. 207 डीआयचे 2,956 सीसीचे 497 मालिकेतले इंजिन टाटांच्याच 407 ट्रकच्या इंजिनाचे भावंड असल्याने सुटे भाग नागपुरात अजून सहज मिळतात. चारही नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे स्वच्छ ऑइल सोडले आणि दोन रात्री तसेच राहू दिले. तिसऱ्या दिवशी स्टार्टर न वापरता पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने जोर दिला. आधी काहीच नाही, मग बोटभर, मग चतुर्थांश फेरा, आणि अखेर पूर्ण फेरा फिरला. रिंगा चिकटलेल्या असताना स्टार्टर मारला तर रिंग मोडते आणि मग इंजिन खोलण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. जुने ऑइल, रेडिएटरमधला गाळ आणि चिरलेले होज बदलले. टाकी उतरवून ठेवली होती, कारण आठ वर्षांच्या डिझेलमध्ये पाणी उतरलेले होते आणि तळाशी चिकट थर होता. पहिल्या वेळी इंजिनाला वर टांगलेल्या कॅनमधून ताजे डिझेल दिले. पंप आणि नोजल आधीच पंपवाल्याकडून तपासून आणले होते. हाताच्या प्रायमरने एअर काढली. तरीही चावीला हात लावण्याआधी मिस्त्रींनी इंजिन बंद करणारी वायर तीनदा ओढून पाहिली, कारण जुन्या डिझेल पंपाचा दांडा अडकून राहिला तर इंजिन चावीने बंद होत नाही आणि वेग वाढतच जातो. थांबण्याची सोय त्यांनी इथेही आधी पाहिली. चौथ्या प्रयत्नात इंजिन लागले. धूर एवढा झाला की समोरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे आत नेले. अर्ध्या तासात तो निवळला.

पुढचे त्यामानाने सरळ होते. गाडी टोचन लावूनच पीयूसी केंद्रावर नेली. बीएस-4 या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट आहे आणि आमची गाडी तिच्या आत बसली, हे खरे. नव्या गाडीइतकी ती स्वच्छ नाही, हेही तितकेच खरे. म्हणून ती फक्त संत्र्याच्या अंबिया आणि मृग या दोन बहारांच्या तोडणीत काटोल ते कळमना एवढीच चालवायची, असे आम्ही ठरवले आहे. तृतीय पक्ष विमा घेतला, मागे-पुढे परावर्तक पट्ट्या लावल्या आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना बंधनकारक असलेली उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली. ऑक्टोबरमध्ये पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, झाले. भावाचा परवाना हलक्या वाहनाचा आहे, त्यावर मालवाहू गाडी चालेल का, अशी शंका एका शेजाऱ्याने काढली. साडेसात टनांपर्यंतच्या अशा गाडीला तो परवाना पुरेसा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला आहे.

या अनुभवावरून राज्याच्या परिवहन विभागाला दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. गाडीचा क्रमांक दिल्यावर कर, पर्यावरण कर, शुल्क, विलंब आकार आणि दंड या सर्वांची आजची एकूण रक्कम एकाच कागदावर, प्रत्येक आकड्यासमोर त्याचा नियम लिहून, मालकाला मिळावी. म्हणजे दुरुस्ती की मोड, हा निर्णय त्याला पहिल्याच दिवशी घेता येईल. आणि मालक वारल्यामुळे उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत, गाडी खरोखर जागेवरच होती याचा पंचनामा करून मागील काळाचा नॉन-यूज मान्य करण्याची काही सोय करावी. तशी सोय नसल्यामुळे वारस कार्यालयाची पायरीच चढत नाहीत, गाडी फाटकाशी कुजत राहते, आणि शासनाच्या हाती ना कर लागतो ना नोंदणी रद्द झाल्याची नोंद.

आमच्या गाडीचा पुढचा फिटनेस येत्या ऑक्टोबरमध्ये आहे आणि उन्हाळ्यात ती बागेतल्या शेडमध्ये उभी असेल. तिच्या नॉन-यूजचा अर्ज या वेळी आगाऊ लिहून तयार आहे.

कळावे.

आपला,
एक वाचक, नागपूर